सरांनी न खाल्लेला डबा

"आमच्या सरांना भुकेपुढे तत्त्वज्ञान सुचत नसे. एका गरीब विद्यार्थ्याचा डबा त्यांनी स्टँडवरून उचलून खाल्ला आणि पुढे भर वर्गात तसे कबूल केले. आरोपीने स्वखुशीने दिलेल्या कबुलीहून मोठा पुरावा नसतो. त्यांना सांगली सोडावी लागली ती त्यामुळेच. तरीही माणूस मोठा होता."

हा मजकूर आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा काढलेल्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ माझे वर्गबंधू असून निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक चूक आहे. शेवटचे वाक्य तेवढे खरे आहे, पण ते दया म्हणून लिहिलेले असल्यामुळे मला तेही मान्य नाही.

तो 'गरीब विद्यार्थी' म्हणजे मी. पहिली गोष्ट, मी गरीब नव्हतो. माझे वडील गलाईच्या धंद्यात होते. आमच्या विटा गावची निम्मी पुरुषमंडळी सोने गाळण्याच्या त्या धंद्यासाठी परमुलखात असत, तसे तेही दक्षिणेत असत आणि दिवाळीला येत. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. दुसरी गोष्ट, सरांची सातारच्या शाखेत बदली व्हावी असा अर्ज त्यांनी स्वतः केला होता, आणि त्याचा हुकूम डब्याचे प्रकरण होण्याआधीच आलेला होता. त्यांची थोरली बहीण साताऱ्यात एकटी होती. कोणी आणीबाणीचाही संबंध जोडतात. आणीबाणी नंतर आली. तेव्हा सर साताऱ्यात निवांत शेंगा सोलत होते.

राहता राहिला डबा. त्याकडे मी येणारच आहे. पण ज्या माणसाला चोर ठरवले जात आहे तो कसा होता हे न सांगता नुसता डब्याचा निकाल लावणे म्हणजे न्यायाधीशमहाराजांचीच पद्धत उचलण्यासारखे होईल.

सर आम्हांला 'पाश्चात्त्य राजकीय विचारांची ओळख' हा पेपर शिकवत. सत्तरनंतरची पहिली एक-दोन वर्षे असतील. या पेपरात अथेन्सपासून इंग्लंडपर्यंतचे सगळे थोर विचारवंत येत. पण सरांनी वर्षभरात त्यांतल्या एकाचेही नाव वर्गात उच्चारले नाही. एक होता 'अथेन्सचा म्हातारा', ज्याला गावाने बहुमताने विष पाजले. एक होता 'घाबरट इंग्रज', ज्याला माणसांची एकमेकांपासून भीती वाटे. त्याच्या मागून आलेला 'दुसरा इंग्रज' म्हणे की ज्याने घाम गाळला त्याची वस्तू. आणि एक 'घड्याळजीचा पोरगा', ज्याची खात्री होती की माणूस मुळात चांगलाच असतो आणि कुंपणे घातल्यावर बिघडतो.

"सर, परीक्षेत नावं लिहावी लागतात," असे आम्ही काकुळतीने म्हणत असू.

"नावं गाईडात आहेत," सर म्हणत. "नाव पाठ झालं की तुम्ही त्या माणसाशी बोलायचं बंद करता. आपल्या गल्लीतल्या माणसाला कोणी तीन नावांनी हाक मारतं का?"

आमचीही तीच गत होती. हजेरीपटात आमची नावे होती, परंतु सरांच्या लेखी आम्ही गावे होतो. मी 'विटा' होतो. खटाव तालुक्यातून आलेला एक काटकुळा मुलगा 'वडूज' होता. धरणाच्या वसाहतीतून आलेला, कायम हसरा, तो 'कोयनानगर'. आणि सांगलीच्याच एका नामांकित वकिलांचे चिरंजीव, आमचे वर्गप्रतिनिधी, जे पुढे न्यायाधीश झाले, ते 'सांगली'. सर हाक मारत ती अशी : "हं, कोयनानगर, उभे राहा. तुम्ही सांगा, घाबरट इंग्रजाला राजा कशासाठी हवा होता?"

कोयनानगर डोके खाजवू लागला की सर म्हणत, "भूकंपाच्या पहाटे तुमच्या कॉलनीतली माणसं काय म्हणत होती?"

"सर, समदी म्हणत हुती, सायब कुठं हाय, सायबाला बोलवा."

"झालं! जमीन हलली की माणूस आधी सरकार शोधतो. त्या इंग्रजाच्या पायाखालची जमीन आयुष्यभर हलत होती. बसा."

इतक्या थोडक्यात तो विचार मला पुढे कोणत्याही ग्रंथात भेटला नाही.

सरांचे दुसरे वेड म्हणजे खुर्ची. वर्गात फळ्यापाशी शिक्षकांसाठी एक लाकडी खुर्ची असे. सर आत आले की त्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करत आणि तास संपेपर्यंत तिच्या बाजूला उभे राहत. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. सर म्हणाले, "हसा. पण लक्षात ठेवा, नमस्कार खुर्चीला आहे. तिच्यात कोण बसतो हा पुढचा प्रश्न, आणि तुमचा सगळा पेपर त्या पुढच्या प्रश्नावरच आहे." एकदा प्राचार्य वर्गाची पाहणी करायला आले आणि सहज त्या खुर्चीत बसले. सर अदबीने म्हणाले, "सर, आपण सार्वभौम सत्तेवर बसला आहात. बसा, पण जपून; तिचा एक पाय हलतो." प्राचार्य उठले ते परत आमच्या वर्गाकडे फिरकले नाहीत.

आणि तिसरे वेड म्हणजे एक प्रश्न : "हे कोणी ठरवलं?" हॉटेलात चहाचा भाव वाढला की सर गल्ल्यावरच्या मालकाला विचारत, "हे कोणी ठरवलं?" देवळाच्या पायरीवर 'चपला येथे काढाव्यात' ही पाटी वाचून पुजाऱ्याला विचारत, "हे कोणी ठरवलं?" भांडणाचा सूर नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असे. मालक चिडे, पुजारी चक्रावे. सर मात्र दोघांचीही उत्तरे तितक्याच मन लावून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांवर तास घेत.

आता स्टँडविषयी. त्या काळी आमच्यासारखी बाहेरगावची मुले सांगलीत खोल्या घेऊन राहत आणि जेवण घरून येई. गावाहून निघालेल्या सकाळच्या गाडीत घरचे माणूस डबा देई. सांगली आली की कंडक्टर सगळे डबे उतरवून स्टँडच्या चौकशीच्या खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवी. आम्ही तास सुटल्यावर जात असू, आपापला भरलेला डबा उचलत असू आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा तिथे ठेवत असू. परतीच्या गाडीने तो गावाला जाई. कट्ट्यावर राखणदार नसे. शेकडो अनोळखी माणसे त्या वाटेने जात-येत, त्यांतली कितीतरी उपाशी असत. पण डब्यांना कोणी हात लावत नसे.

सरांना या कट्ट्याने वेड लावले होते. ते रोज साडेअकराच्या सुमारास खिशात भाजलेल्या शेंगा घेऊन तिथे उभे असत. लोकांना वाटे, मास्तर कोणाची तरी वाट पाहत आहेत. ते डबे बघत असत.

"विटा," ते मला म्हणाले होते, "इथं पोलीस नाही, पाटी नाही, कुलूप नाही. तरी कोणी कोणाचा डबा उचलत नाही. हे कोणी ठरवलं?"

"कोणीच नाही, सर. तशी पद्धत आहे."

"हेच म्हणतो मी. अडीच हजार वर्षं विचार करून थकलेल्या माणसांना मी एकदा या कट्ट्यापाशी आणून उभं करणार आहे."

त्यांनी डब्यांचे वर्गही पाडले होते. वडूजच्या आईचा डबा फडक्यात नुसता गुंडाळलेला असे, कसली गाठ नाही. तो घड्याळजीच्या पोराच्या पंथाचा. बहुतेकांच्या डब्यांना साधी गाठ असे. ते दुसऱ्या इंग्रजाचे. आणि माझ्या आईचा डबा शिवलेला असे. आई फडके डब्याभोवती ताणून गुंडाळी आणि दाभणाने जाड दोऱ्याचे टाके घाली. फक्त वरची कडी बाहेर राही, आणि कडीवर वडिलांचे नाव व आमचे गाव कोरलेले होते. जेवायच्या वेळी मला ब्लेडने टाके कापावे लागत आणि मुले हसत. सर हसले नाहीत. "तुमच्या मातोश्री घाबरट इंग्रजाच्या पंथाच्या," ते म्हणाले. "एकट्या बाईनं घर चालवायचं म्हणजे तोच पंथ बरा. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी तो सांगितला. आई म्हणाली, "इंग्रज कशापायी म्हणत्यात मला? धुरळा जातो म्हून शिवती म्या!"

हे सगळे सांगून झाले. आता प्रकरण.

लग्नसराईचे दिवस होते. एके दुपारी मी कट्ट्यावर गेलो तर माझा डबा नव्हता. बाकी सगळ्यांचे होते. कंडक्टरला विचारले. तो म्हणाला, "माझ्याकडं हुतं तेवढं समदं डबं उतरिवलं बगा." म्हणजे डबा कट्ट्यावर आला आणि गेला, असाच अर्थ आम्ही घेतला. घरी कळवले, तर आईचा निरोप आला की डबा गाडीत दिला होता. देणारे माझे चुलते, तात्या, त्याच दिवशी वडिलांकडे दक्षिणेत निघून गेले होते.

वडूजचा डबा आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच येई. त्यांच्याकडची शेती पावसावरची, आणि पाऊस रुसलेला. एरवी आम्ही डबे उघडले की कोणी तरी म्हणे, "ये रं वडूज, बस," आणि तो कडेला बसून अर्धी भाकरी खाई. त्या दुपारी तो म्हणाला, "आज भूक न्हाई गड्या." त्याच्या सदऱ्यावर पिवळा डाग होता. शिवाय कट्ट्याकडून येताना त्याला कोणी तरी पाहिले होते. खटला उभा राहायला एवढे पुरले.

तक्रार मी केली होती. ते मी लपवत नाही आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ज्याचा डबा जातो त्याने तक्रार करायची नाही, तर कोणी करायची? परंतु मी कोणाचे नाव घेतले नाही. नाव 'सांगली'ने घेतले. वडूज त्यांच्याच घरामागच्या खोलीत फुकट राहत असे. वकीलसाहेबांनी ती गरजू विद्यार्थी म्हणून त्याला दिली होती. त्यामुळे न्यायदानाची पहिली संधी आपल्यालाच आहे असे चिरंजीवांना वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, खुर्चीला नमस्कार केला, तोच सांगली उठून उभे राहिले.

"सर, आज तास नको. आमचा एक निर्णय झालाय."

"कसला?"

"वडूजनं विट्याचा डबा चोरून खाल्ला. आम्ही प्राचार्यांकडे जाणार आहोत. त्याची फीची सवलत रद्द व्हायला पाहिजे. आणि आमची खोली त्यानं उद्या रिकामी करायची."

खोली गेली आणि सवलत गेली की वडूजचे शिक्षण संपत होते. हे वर्गातल्या प्रत्येकाला कळत होते. वडूज शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"हे कोणी ठरवलं?" सरांनी विचारले.

"सगळ्यांनी, सर. बहुमतानं."

"वडूज, तुम्ही डबा खाल्लात?"

"न्हाई, सर."

"मग काल जेवलात कुठं?"

वडूजचे कान लाल झाले. "त्ये मला सांगता यायचं न्हाई, सर."

वर्गात हशा पिकला. कोयनानगर म्हणाला, "आवं सर, न सांगण्यातच समदं आलं की वं!"

"खाताना बघितलं कोणी?"

"बघितलं नाही," सांगली म्हणाले, "पण दुसरं कोण असणार?"

"बरं. ज्यांना हा निर्णय मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. माझा नव्हता, फिर्यादीने मत देऊ नये इतके मला तेव्हाही कळत होते. बाकी जवळजवळ सगळे हात वर होते. याच मुलांनी आठच दिवसांपूर्वी अथेन्सच्या म्हाताऱ्याचा शेवट ऐकताना हळहळ व्यक्त केली होती, आणि सांगलींनी तर "तिथल्या लोकांना अक्कल नव्हती" असे उठून सांगितले होते.

सरांनी वर झालेले हात मोजले. मग म्हणाले, "हात खाली घ्या. विट्याचा डबा मी खाल्ला."

कोणी तरी हसले.

"हसू नका. रोज त्या वेळी मी कट्ट्यापाशी असतो, हे तुम्ही सगळे बघता. काल मला भूक लागली होती. उचलला आणि खाल्ला."

"आणि रिकामा डबा, सर?" मी विचारले. ती आमच्या घरची वस्तू होती.

"कृष्णेत टाकला." सरांनी माझ्याकडे न बघता सांगितले. "आता चला. डबा तोच, गुन्हा तोच. वडूजसाठी जो निर्णय झाला तोच मला लागू. करा हात वर."

एकही हात वर झाला नाही.

"प्राचार्य वरच्या मजल्यावर आहेत. कोण नेतंय मला?"

पुढच्या बाकांवरची मुले वह्या उघडून त्यांत बघू लागली.

"सांगली, तुम्ही पुढाकार घेतलात. या." सरांनी खुर्चीकडे हात केला. "बसा इथं. न्याय द्यायचा तर कोणी तरी बसलंच पाहिजे. मी समोर उभा राहतो."

"मी? त्या खुर्चीत?" सांगलींचा आवाज चिरकला. "नको सर. तुमची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी?"

"तुम्ही... तुम्ही सर आहात."

"आणि ते वडूज आहेत," सर म्हणाले. "एवढंच ना?"

सांगली खाली बसले. त्या दिवशी ज्या गृहस्थांचे पाय खुर्चीकडे वळले नाहीत, त्यांनी पुढची सगळी हयात खुर्चीतच घालवली हे मी नोंदवून ठेवतो.

"तुमच्या पेपराची ओळख इथं संपली," सर म्हणाले. "अथेन्सपासून सगळी शहाणी माणसं ज्या गोष्टीशी झटापट करत आली ती तुम्ही आत्ता मला करून दाखवलीत. पुढचा नुसता तपशील आहे. नावं गाईडात बघा."

आणि खुर्चीला नमस्कार करून निघून गेले.

वडूजची खोली राहिली, सवलतही राहिली. प्राचार्यांकडे कोणी गेले नाही. पण गोष्ट बाहेर फुटायची ती फुटलीच. शिक्षकांच्या खोलीत सर आले की एखादा सहकारी आपला डबा मांडीवर घेई आणि सगळे हसत. सर स्टँडवर उभे राहिले की हमाल एकमेकांना खुणावत. एका शब्दाने हे थांबवता आले असते. तो शब्द सरांनी उच्चारला नाही आणि कट्ट्यापाशी जाणेही सोडले नाही. चार दिवसांनी त्यांनी एक कोरा तीन पुडांचा डबा माझ्या हातात ठेवला. तो घरी गेल्यावर आईने गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला, "कसला म्हणायचा ह्यो मास्तर? डबा खातो आन् वर नवा दितो!" आणि नव्या डब्याला तिने पहिल्यापेक्षा दाट टाके घातले.

त्यानंतर या प्रसंगाच्या दोन आवृत्त्या फिरू लागल्या. एक स्मरणिकेतली, चोराची. दुसरी वडूजची. वडूज पुढे फौजेत गेला, सुभेदार होऊन निवृत्त झाला, आणि भेटला की डोळे पुसून म्हणतो, "देवमाणूस व्हता रं. म्या निर्दोष हाय ह्ये त्येंनी वळखलं आन् माज्यासाठी आळ घेतला." ही आवृत्ती ऐकायला गोड आहे. तीही खोटी आहे. सर देवमाणूस नव्हते. देवमाणसाला वाद घालता येत नाही, आणि सरांना वादावाचून अन्न पचत नसे.

खरे काय ते मला कसे कळले, ते आता सांगतो.

उन्हाळ्याच्या सुटीत मी विट्याला होतो. कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेत गाडी घेऊन गेलेला आमच्या गावचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात माझा जुना डबा होता. पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत तो कित्येक दिवस पडून होता. भाजीच्या पाट्यांबरोबर गाडीच्या टपावरून उतरवला गेलेला. कोणाचा ते कळेना. शेवटी कोणी तरी कडीवरचे गाव वाचले आणि विट्याच्या माणसाच्या हवाली केला.

दिवाळीला तात्या आले तेव्हा उरलेला उलगडा झाला. "आवं, त्या दिशी बाजार हुता," तात्या म्हणाले. "आत पाय ठिवाय जागा न्हवती. म्हून म्या डबा टपावर चढीवला, पाट्यांच्या मदी. कंडक्टरला सांगाय गेलो तवर गाडी सुटली की!" ती गाडी सांगलीवरून पुढे कोल्हापूरला जाई. कंडक्टर खरे बोलला होता. त्याच्याकडे दिलेले सगळे डबे त्याने उतरवले होते. कट्ट्यावरून काहीही चोरीला गेले नव्हते.

तात्यांसाठी मी थांबलो नव्हतो. डबा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याची गाडी पकडली. सर तिथे बहिणीकडे राहायला गेले होते. दुपारची वेळ होती. ते जमिनीवर बसून सुपात शेंगा सोलत होते. बाजूला भिंतीशी एक खुर्ची होती, रिकामी.

"या, विटा. इकडं कुठं?"

"सर, डबा आला."

"कुठला डबा?"

"तुम्ही खाल्लेला."

सरांचा हात सुपातच थांबला. मी कोल्हापूर, वखार, कडी, सगळे सांगितले. सर ऐकत होते. मग ते हळूच उठले आणि त्या भिंतीशी असलेल्या खुर्चीत बसले. मी त्यांना खुर्चीत बसलेले त्याआधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. बसले म्हणण्यापेक्षा पाठीवरचे पोते उतरवून हमाल टेकतो तसे टेकले.

"म्हणजे वडूजनं खाल्ला नाही."

"नाही, सर."

"मला वाटत होतं, त्यानंच खाल्ला. त्या दिवशी मी कट्ट्यावर उशिरा पोचलो होतो."

मी थक्क झालो. "मग त्याला पाठीशी का घातलंत?"

"पाठीशी कुठं घातलं?" सर एकदम ताठ झाले, वाद सुरू झाला होता. "त्यानं खाल्ला असेल, असं मला वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. तुम्हांलाही वाटतच होतं. आणि वाटण्यावर तुम्ही एका माणसाचं शिक्षण बंद करायला निघाला होता. तो चोर असता तरी अंदाज हा अंदाजच. ते तुम्हांला सांगून कळलं नसतं; अथेन्सचा म्हातारा सांगून झालाच होता. म्हणून मग एक गुन्हेगार असा दिला की ज्याच्यापुढं तुमचे हात वर होणार नाहीत." ते माझ्याकडे झुकले. "पण विटा, वर्गात मी तुम्हांला अंदाज करू नका म्हणालो आणि स्वतः मनातल्या मनात त्या पोराला इतके महिने चोर समजत आलो. तो समोर आला की मला ते आठवायचं. आज सुटलो बघा."

त्यांचा चेहरा खरोखरच निवळला होता. थोड्या वेळाने त्यांना आठवले. "मग त्या दिवशी जेवला कुठं तो?"

ते मला वडूजने परीक्षा संपल्यावर, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून सांगितले होते. ती शपथ मी सरांपुरती मोडली, आणि आता वडूजच्या परवानगीने सर्वांपुढे मोडतो. स्टँडजवळच्या मंगल कार्यालयात लग्न होते. वडूज भुकेला होता. तो वऱ्हाडात मिसळला, पंगतीला बसला आणि पोटभर जिलेबी-मठ्ठा जेवला. सदऱ्यावरचा पिवळा डाग जिलेबीच्या पाकाचा होता. चोर म्हणवून घेणे त्याला परवडले, पण न बोलावता पंगतीला बसलो हे त्याला वर्गात सांगता येईना.

"कोणाचं लग्न होतं?" सरांनी विचारले.

"ते त्यालाही ठाऊक नाही, सर."

सर हसू लागले. हसता हसता पाय लागून सुपातल्या शेंगा सांडल्या. त्यांच्या बहीणबाई आतून काय झाले म्हणून बघायला आल्या. डोळे पुसत सर म्हणाले, "बोलावल्याशिवाय जेवायचं नाही, हे तरी कोणी ठरवलं, विटा?" आणि परत हसू लागले. निघताना त्यांनी शेंगांची पुडी माझ्या खिशात कोंबली. "वडूजला द्या. कशाबद्दल ते सांगू नका."

स्मरणिका हाती आल्यावर मी न्यायाधीशमहाराजांना फोन केला आणि डबा परत आल्याचे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "डबा परत आला असेल. पण सरांनी तो खाऊन, रिकामा करून, गाडीच्या टपावर टाकला नसेल कशावरून? कृष्णेत टाकला हे खोटं निघालं, एवढंच यातून सिद्ध होतं. कबुली कायम राहते."

मुद्दा कायद्याचा आहे, हे मी मान्य करतो. त्यांनी तो काढला म्हणून मला बरेच वाटले. इतक्या वर्षांत सरांविषयी माझ्याशी सरळ वाद घालणारे कोणी उरले नव्हते. त्यांना मी फोनवर उत्तर दिले नाही. ते इथे देतो, म्हणजे ते स्मरणिकेइतकेच छापील राहील.

डबा आमच्या अंगणात आला तेव्हा मी तिथे उभा होतो. त्याचे फडके धुळीने काळे पडले होते आणि वास असह्य होता. आईने तो उकिरड्यापाशी नेला, उघडला आणि आतल्या भाकऱ्या, ओळखू येणार नाहीत अशा झालेल्या, मातीत पुरल्या. पण उघडण्याआधी तिला विळी आणायला घरात परत जावे लागले. कारण तिने घातलेले टाके पहिल्यापासून शेवटपर्यंत जसेच्या तसे होते.